गुलामगिरीवरच्या मालिका आणि हिशेबाची वही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ऐतिहासिक मालिकांतल्या चुकांवर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुतेक पगडी, दागिने आणि तलवारीची मूठ यांबद्दल. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या मालिका आता मराठी घरांतही मोबाइलवर पाहिल्या जातात, आणि त्यांनाही हीच कसोटी लावली जाते. कपडे मळके, बग्ग्या जुन्या, मालक क्रूर, म्हणजे इतिहास बरोबर. पण गुलामगिरी हा आधी एक व्यवहार होता. माणूस कोणी पकडला, कशाच्या बदल्यात विकला, त्याच्याकडून कोणते पीक काढून घेतले, त्याचे मूल कोणाच्या मालकीचे झाले, हे मालिकेत चुकले तर अन्याय नेमका कोणी आणि कशासाठी केला याचेच उत्तर चुकते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

‘रूट्स’चे उदाहरण घेऊ. जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने अलेक्स हेली यांच्या पुस्तकावरची ही मालिका सलग आठ रात्री दाखवली आणि शेवटचा भाग सुमारे दहा कोटी अमेरिकनांनी पाहिला. गुलाम झालेल्या कुटुंबाच्या बाजूने ही कथा घराघरांत पोहोचली ती तिच्यामुळेच, आणि ते श्रेय तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. पण तिचा आफ्रिकी नायक कुंटा किंटे पकडला जातो तो गोऱ्या दलालाच्या हुकमाखाली, रानात जाळी टाकून. त्याचे जुफुरे गाव जगापासून दूर, निवांत वसलेले दिसते. प्रत्यक्षात जुफुरे पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया नदीच्या काठी व्यापाराच्या वाटेवरच होते. समोर जेम्स बेटावर १६६१ पासून इंग्रजांची गढी होती आणि शेजारी आल्ब्रेडा येथे फ्रेंचांची वखार. युरोपीय व्यापारी रानात शिरत नसत. हिवताप आणि पीतज्वर त्यांना महिन्यांत संपवत, आणि आतली राज्ये बळकट होती. लढाईत, धाडीत, कर्जात किंवा शिक्षेपोटी हाती लागलेली माणसे आफ्रिकी आणि मिश्रवंशीय व्यापारी नदीपर्यंत आणत. गोरे लोक तिथे गिऱ्हाईक म्हणून थांबलेले असत.

हे दाखवले की युरोपीयांचा दोष हलका होतो, अशी भीती पटकथाकारांना वाटत असावी. माझ्या मते उलट होते. गिऱ्हाईक नसते तर इतक्या धाडी पडल्या नसत्या. गॅम्बियाच्या खोऱ्यात किंमत ‘बार’मध्ये, म्हणजे लोखंडी पट्टीच्या हिशेबात ठरे आणि चुकती होई ती लोखंड, बंदुका, दारू, काचेचे मणी आणि कापड यांत. त्या कापडात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचा सुती माल मोठा होता. इंग्लंडने १७०१ आणि १७२१ च्या कायद्यांनी रंगीत, छापील हिंदुस्थानी कापडाला घरच्या बाजारात बंदी केली, मात्र ते बाहेर पाठवायला मोकळीक ठेवली, आणि बराच माल आफ्रिकेकडे वळला. पश्चिम आफ्रिकेच्या दुसऱ्या भागांत चलन म्हणून चालणाऱ्या कवड्या मालदीवच्या होत्या. मालिकेत सौद्याचा प्रसंग असेल तर मधोमध आपल्याकडच्या कापडाची गासडी पडलेली दिसली पाहिजे. २०१६ मध्ये ‘रूट्स’ नव्याने केली तेव्हा जुफुरेला व्यापारी गाव म्हणून दाखवले आणि कुंटाला स्थानिक वैऱ्यांनी पकडले. त्याने कथेचे काहीच बिघडले नाही.

जहाजाच्या दृश्यात चूक होते ती कॅमेऱ्यामुळे. तळघरात दिवा, कॅमेरा आणि माणसे मावायला हवीत, म्हणून सेट उंच बांधला जातो आणि नट ताठ बसलेले दिसतात. १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रूक्स जहाजाचा आराखडा पाहावा. त्यात पुरुषाला लांबी सहा फूट आणि रुंदी सोळा इंच अशी जागा आखली आहे. त्याच वर्षीच्या कायद्याने त्या जहाजावर ४५४ माणसे नेण्याची परवानगी होती, आणि त्यापूर्वीच्या एका फेरीत ६०९ नेली होती. दोन तक्तपोशींमधली उंची साडेपाच फुटांच्या आसपास, आणि तिच्या निम्म्यावर फळ्यांचा माळा ठोकून वर आणखी माणसे. बसायला मान सरळ होत नसे. पुरुषांना दोघादोघांच्या पायांत एकच बेडी, बायका व मुले वेगळ्या कप्प्यात आणि पुष्कळदा बेडीविना. बायकांचा कप्पा अधिकाऱ्यांच्या खोल्यांजवळ असे. कशासाठी, ते सांगायला नको. वर डेकवर आडवी लाकडी भिंत उभारलेली असे, बंड झाले तर खलाशांनी तिच्यामागून बंदुका चालवाव्यात म्हणून. कडेला जाळ्या बांधत, कारण माणसे समुद्रात उड्या घेत. मालिकांत सगळे एकाच कोठडीत, एकाच साखळीत दिसतात, आणि ही भिंत व जाळ्या सहसा दिसतच नाहीत. या दोन वस्तू दाखवल्या तर बंडाची भीती रोजची होती हे एका संवादाशिवाय कळेल. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी पलीकडे पोहोचली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास.

१९७७ च्या मालिकेतला कप्तान डेव्हिस देवभीरू आणि मनातून पोखरलेला दाखवला आहे. ही पटकथेची भर, गोऱ्या प्रेक्षकाला जवळचे वाटेल असे एक पात्र. मला ती रानात जाळी टाकून पकडण्याच्या दृश्यापेक्षा जास्त खटकते. कप्तानाला विक्रीवर कमिशन मिळे, अनेकदा स्वतःच्या नावावर एकदोन गुलाम नेण्याची सवलतही. तो हळवा होता की कठोर, याने जहाजावरची सोय बदलत नसे. १७८१ मध्ये झाँग जहाजाच्या खलाशांनी १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली आणि मालकांनी दरडोई ३० पौंडांप्रमाणे विम्याचा दावा लावला. १७८३ मध्ये लंडनच्या न्यायालयात वाद झाला तो विम्याचा. खुनाचा खटला कोणावर भरला गेला नाही.

ज्या ‘लॉर्ड लिगोनियर’ जहाजातून कुंटा आला असे ‘रूट्स’मध्ये आहे, ते जहाज खरे आहे. २९ सप्टेंबर १७६७ ला ते मेरिलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला लागले. १ ऑक्टोबरच्या ‘मेरिलँड गॅझेट’मध्ये जाहिरात आली की गॅम्बियाहून निवडक, निरोगी गुलाम आले आहेत, विक्री ७ तारखेला, रोखीने किंवा खात्रीच्या हुंडीवर. (मूळ लेखकाने जोडलेली वंशावळ मात्र टिकली नाही. ज्या टोबीला त्याने कुंटा मानले, त्याची नोंद व्हर्जिनियात १७६२ मध्येच, म्हणजे जहाज येण्याच्या पाच वर्षे आधी सापडते.) त्याच जाहिरातीत पुढे लिहिले आहे की हे जहाज परतीला लंडनसाठी तंबाखू घेईल. एवढ्या एका ओळीत त्या मुलखाची सगळी शेती आली. मूळ पुस्तकात मात्र १७६७ च्या व्हर्जिनियात कापसाची वेचणी चालू आहे आणि शेताला तारेचे कुंपण आहे. विली ली रोज या इतिहासकार बाईंनी पुस्तक निघाले त्याच वर्षी हे दाखवून दिले होते.

कापूस की तंबाखू हा तपशील किरकोळ नाही. तंबाखूचे काम वर्षभर पुरते. हिवाळ्याच्या अखेरीस वाफ्यात रोपे, मे-जूनमध्ये लावण, मग शेंडा खुडणे, बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा काढणे, पानापानावरच्या अळ्या हाताने वेचून मारणे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढणी, कोठारात टांगून सुकवणे, आणि शेवटी दाबून पिंपांत भरणे. एकेका पिंपात हजार पौंडांच्या आसपास. निपाणीकडच्या शेतकऱ्याला यातले बहुतेक सांगावे लागणार नाही. हे काम लहान टोळ्यांत, डोळ्यांसमोर चाले, आणि एक पान फाटले तरी दर पडे. कापूस पसरला तो १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाल्यावर, आणि तोही व्हर्जिनियात नव्हे, खाली जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीत. तिथे टोळ्या मोठ्या, संध्याकाळी प्रत्येकाचे वजन काट्यावर, आणि ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरले तर फटके. दक्षिण कॅरोलिनाच्या भातखाचरांत तिसरीच रीत होती: रोज पाव एकराच्या आसपासचा नेमून दिलेला तुकडा, तो झाला की उरलेला वेळ आपला. एकाच्या तोंडी दुसऱ्याची रीत घातली की दिनक्रम, शिक्षा, कुटुंबाला मिळणारा वेळ, सगळेच खोटे पडते. आणि दहा हजार एकरांच्या पांढऱ्या हवेलीचे चित्रही जरा आवरते घ्यावे. १८६० च्या शिरगणतीत जवळपास निम्म्या मालकांकडे पाचपेक्षा कमी गुलाम होते.

कापसाचा पट्टा वाढला तेव्हा १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी होती. मग माणसे आली कुठून? व्हर्जिनिया, मेरिलँडमधून दक्षिणेला विकून. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे तिकडे हलवली गेली, काही मालकांबरोबर, पण बहुसंख्य विकली जाऊन, पुरुष पुष्कळदा दोघादोघांत साखळलेले, शेकडो मैल पायी. मालिकांत आईपासून मूल तोडले जाते ते मालकाच्या रागामुळे किंवा जुगारातल्या कर्जामुळे. खऱ्या नोंदींत बहुतेकदा कारण रूक्ष असते: मालक वारला आणि वाटणी झाली, गहाण सुटले नाही, किंवा न्यू ऑर्लिन्सच्या गुलामबाजारातला भाव चढला. १६६२ च्या व्हर्जिनियातल्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे ठरले होते, म्हणून मालकापासून झालेले मूलही त्याच मालकाच्या मालमत्तेत जमा होई. एक तारीख मालिकांनी कधी वापरल्याचे दिसत नाही ती १ जानेवारी. त्या दिवशी गुलाम वर्षाच्या कराराने भाड्याने दिले जात, आणि ३१ डिसेंबरची रात्र कुटुंबे धास्तीत काढत.

वेशभूषेबद्दलही आधार आहे, कल्पनेची गरज नाही. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये मेरिलँडमधला शिधा लिहून ठेवला आहे: मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढीच मासळी, आणि एक बुशेल, म्हणजे सुमारे ३५ लिटर मापाचे मक्याचे पीठ. वर्षाला जाडेभरडे दोन सदरे, उन्हाळी व हिवाळी एकेक विजार, एक जाकीट, मोज्यांचा आणि बुटांचा एकेक जोड. मुलांना फक्त दोन सदरे, ते फाटले की पुढच्या वाटपापर्यंत उघडे. हे कापड सगळ्यांना एकाच ताग्यातले मिळे. मालिकेत प्रत्येकाची चिंधी वेगळ्या रंगाची, तीही कलात्मक फाटलेली. पळालेल्या गुलामांच्या जाहिराती वाचाव्यात. त्यांत अंगावरचे कापड, जखमेचे व्रण, येणारे कसब, बोलण्याची ढब, सगळे मालकानेच लिहून ठेवले आहे.

मुक्तीचे दृश्य हा आणखी एक ठरलेला घोटाळा. घोषणा होते, टोप्या उडतात. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा यादवी युद्धातल्या फक्त बंडखोर मुलखाला लागू होती. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला ती १९ जून १८६५ ला पोहोचली, आणि केंटकी, डेलावेअर इथली गुलामगिरी संपली त्या वर्षीच्या डिसेंबरात, तेराव्या घटनादुरुस्तीने. ब्रिटिश वसाहतींत १८३४ नंतरही ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत सक्तीचे काम चालले. भरपाई मिळाली, दोन कोटी पौंड, ती मालकांना.

आता आपल्याकडचे. पेशवाईवरच्या मालिकांत वाड्यात दासी दिसतात, तबक घेऊन उभ्या, नवी साडी नेसून. पेशवे दप्तरातल्या कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, या नव्हेत. कुणबिणी विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, आणि बदकर्माचा ठपका आलेल्या बायकांना सरकारात कुणबीण म्हणून ठेवल्याच्याही नोंदी आहेत. दळण, कांडण, गोठा, कोठार ही त्यांची कामे. त्याच इतिहासात शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये डचांना दिलेला कौलही आहे. कर्नाटकातल्या आपल्या मुलखात गुलाम विकत घ्यायचे नाहीत आणि बाहेर न्यायचे नाहीत, अशी त्यात अट होती. कौल अभिमानाने सांगायचा आणि कुणबिणींचे नाव काढायचे नाही, हे इतिहासाला धरून नाही. मात्र त्यांना दाखवताना मिसिसिपीचा चाबूक पुण्यात आणू नये. इथे मळे नव्हते, घरकाम होते. इथली सुटकाही तारीख लावून झाली नाही. १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामाची मालकी मानणे बंद केले, आणि गुलाम विकत घेणे हा गुन्हा ठरला तो पुढे १८६० च्या दंडसंहितेतल्या ३७० व्या कलमाने.

या सगळ्या चुकांचे एक साधे कारण आहे. इतिहासाच्या सल्लागाराला बोलावतात ते कपडे शिवायच्या वेळी. तोवर कथा बांधून झालेली असते, आणि पीक, हंगाम, गावापासून बंदराचे अंतर, गहाणखत यांना जागाच उरत नाही. हे तपशील कथेच्या पहिल्या आराखड्याआधी ठरावेत: साल, जिल्हा, पीक, मालकाकडचे गुलाम किती, ते कोणाच्या कर्जापोटी गहाण. त्यातून प्रसंग आपोआप सुचतात, कारण फेब्रुवारीत विक्री झाली तर वाफ्यावरचे हात कमी पडतात आणि काढणीनंतर झाली तर कारण दुसरे असते. आणि जिथे जाणूनबुजून बदल केला असेल, तिथे ‘काल्पनिक घटनांवर आधारित’ या सरसकट पाटीऐवजी त्या भागाच्या शेवटी नेमका बदल लिहावा: कोणते पात्र घातले, कोणते साल सरकवले. मराठी वाहिन्यांनी पुढच्या पेशवेकालीन मालिकेपासून हे सुरू करावे, आणि वाड्याच्या पात्रांच्या यादीत कुणबिणींना नावे द्यावीत. पेशवेकाळच्या कागदांत ती शोधता येतात.

कळावे.
आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक, सातारा