पॉवर चढवण्याआधी सांधा बघा

महोदय,

रस्त्याची खोदाई सुरू झाली की ‘फायबर केबल तुटली, इंटरनेट ठप्प’ अशा बातम्या येतात. सेवा सुरू झाली की विषय मिटतो. पण केबल जोडली म्हणजे पूर्ववत झाली असे नाही. जेसीबीने ओढलेली केबल जागच्या जागी जुळत नाही, मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे एका कटमागे दोन नवे सांधे.

१५५० नॅनोमीटर तरंगलांबीला फायबरचा लॉस (प्रकाशाची वाटेतली घट) किलोमीटरमागे सुमारे ०.२ डीबी (डेसिबल). दोन ॲम्प्लिफायरमध्ये (क्षीण झालेला प्रकाश पुन्हा वाढवणारी यंत्रे) ८० किलोमीटरचा टप्पा धरला तर १६ डीबी. नीट केलेला फ्यूजन (काच वितळवून जोडलेला) सांधा ०.०५ डीबीत बसतो. धुळीत, बोथट क्लिव्हरने (फायबरचे टोक कापायचे हत्यार), घाईघाईने केलेला ०.२ ते ०.३ खातो. असे बारा-पंधरा साठले की ३ डीबी, म्हणजे निम्मा प्रकाश गेला.

मग सोपा उपाय सुचतो : लाँच पॉवर, म्हणजे फायबरमध्ये सोडलेल्या प्रकाशाची शक्ती, चढवा. गफलत इथेच होते. प्रकाश तीव्र झाला की काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि शेजारचे चॅनेल (एकाच फायबरमधले वेगवेगळ्या तरंगलांबीचे सिग्नल) एकमेकांत ढवळाढवळ करतात. त्यातून निघणारा नॉइज (सिग्नलमध्ये मिसळणारा गोंगाट) पॉवरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पॉवर दुप्पट, तर नॉइज आठपट. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज या नॉइजच्या दुप्पट असतो, तिथे सर्वोत्तम पॉवर सापडते. तिथून हिशेब करून पाहा. टप्प्याचा लॉस ३ डीबीने वाढला आणि पॉवरला हातच लावला नाही, तर सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे २.२ डीबीने घसरते. १ डीबी चढवली तर घसरण २ डीबी. पण गेलेले भरून काढायचे म्हणून पुरते ३ डीबी चढवले तर घसरण ३ डीबी! काहीच न करणे त्यापेक्षा बरे.

हा हिशेब लॉस ॲम्प्लिफायरपासून लांब, टप्प्याच्या नंतरच्या भागात असेल तेव्हाचा. हा नॉइज मुख्यतः ॲम्प्लिफायरनंतरच्या पहिल्या वीसेक किलोमीटरांत तयार होतो, कारण पॉवर तिथेच जोरात असते. लॉस अगदी तोंडाशी, पॅच पॅनेलवर (केंद्रात केबल यंत्राला जोडायची पट्टी) असेल तर पॉवर तेवढी चढवणे गणितात बसते. पण तिथला कनेक्टर पुसायला दोन मिनिटे लागतात, आणि मळक्या कनेक्टरमधून जास्त पॉवर सोडली तर त्याचे तोंडच जळते.

म्हणून आधी ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून कुठे किती लॉस आहे ते दाखवणारे यंत्र) लावा, तोही दोन्ही टोकांकडून. जुन्या-नव्या फायबरच्या मोड फील्डचा (फायबरमध्ये प्रकाश पसरतो त्या गाभ्याभोवतीच्या भागाचा) व्यास वेगळा असेल तर एका बाजूने सांध्यावर चक्क ‘फायदा’ दिसतो आणि दुसऱ्या बाजूने फुगवलेला तोटा. खरा आकडा दोन्हींची सरासरी. स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावरचा लॉस हा कॅमेऱ्यातील चित्रावरून बांधलेला अंदाज असतो, मोजमाप नव्हे. मग तीच जागा १३१० आणि १५५० नॅनोमीटरवर तपासा. १३१० ला ठीक आणि १५५० ला वाईट, तर दोष सांध्यात नसून वाकात आहे : क्लोजरच्या (सांधे ठेवायच्या बंद डब्याच्या) ट्रेमध्ये फायबर ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत कोंबलेले असते, किंवा झाकणात चिमटलेले. दोन्हींवर सारखाच लॉस असेल तर सांधा तोडून पुन्हा करा. क्लिव्हचा, म्हणजे कापलेल्या टोकाचा, कोन एका अंशाच्या आत हवा. तो येईना तर क्लिव्हरचे पाते फिरवा, मशीनला दोष देऊ नका.

देखभालीच्या कंत्राटात ‘इतक्या तासांत सेवा सुरू’ अशी अट घालताना डेसिबलचीही घालावी. दुरुस्तीनंतर दुतर्फा ओटीडीआर ट्रेस (आलेख) दिल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये, आणि थोड्या अंतरात सांधे दाटले की मधला पट्टा एकसंध नव्या केबलने बदलण्याची तरतूद असावी. घाईतला सांधा सेवा लगेच सुरू करण्यासाठी चालेल, पण तो रात्रीच्या निवांत वेळी पुन्हा करण्याचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले हवेत. खोदाईआधी कळवण्यासाठी केंद्राचे ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप मार्च २०२३ पासून आहे. महापालिकांनी त्यावरची नोंद दाखवल्याखेरीज खोदाईचा परवाना देऊ नये.

— दूरसंचार देखभालीतील काही अभियंते, पुणे