तक्रार: कॉलेज सावरले, पण वावर गेले

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
कृषी महाविद्यालयाचे व्यवस्थापन पाहणारी कंपनी, नागपूर

विषय: प्रक्षेत्र (कॉलेजचे शेत) लग्नसमारंभांसाठी भाड्याने देणे आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेले 'प्रक्षेत्र विकास शुल्क'.

महोदय,

माझा मुलगा तुमच्याकडे बी.एस्सी. (ऑनर्स) कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो प्रथम वर्षाला असताना संस्था बुडायच्या बेतात होती. प्राध्यापकांचे पगार थकले होते, प्रयोगशाळेची वीज कापली होती आणि गोठ्यातल्या गाई विकून झाल्या होत्या. मी पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे असे का झाले हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. जागा भरत नाहीत, शिष्यवृत्तीचा शासनाकडून येणारा हिस्सा वर्ष उलटले तरी जमा होत नाही, पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. विनाअनुदानित कॉलेज इथेच अडकते.

तुम्ही कारभार हाती घेतल्यावर पगार वेळेवर होऊ लागले, सोडून गेलेले दोन प्राध्यापक परत आले, बस सुरू झाली. हे श्रेय तुमचेच आहे आणि ते मी चारचौघांत सांगते. तक्रार आहे ती हे पैसे कुठून उभे केले याबद्दल.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतर रस्त्यालगतचे प्रक्षेत्र तुम्ही 'लॉन' म्हणून द्यायला सुरुवात केली. नागपुरात लॉनला मरण नाही, हे मान्य. पण तुळशीचे लग्न लागते तेव्हाच हरभरा पेरून होत आलेला असतो. तुमचा सीझन आणि रब्बी एकाच वेळी, एकाच जमिनीवर येतात. आमच्या आधीच्या बॅचच्या रब्बी प्रात्यक्षिकाला वसतिगृहामागचा उकिरड्याजवळचा तुकडा मिळाला, तोही सगळ्या गटांत मिळून. मुले हरभऱ्याची झाडे मोजत होती आणि पलीकडे डीजे वाजत होता.

यंदा जूनमध्ये तेच लॉन 'मोकळे केले' म्हणून आमच्या मुलांच्या खरिपासाठी दिले. मी पालक सभेच्या दिवशी मुद्दाम धुऱ्यावरून चालत गेले. काळी जमीन ओली असताना तिच्यावर गाड्या उभ्या केल्या की खाली पाट्यासारखा थर बसतो आणि पाणी मुरत नाही. हे मुलांना पहिल्याच वर्षी शिकवता ना? मांडवाच्या खांबांचे खड्डे मुरमाने बुजवलेले, पिकाच्या ओळींमधून प्लॅस्टिकचे ग्लास वर आलेले, आणि जिथे पार्किंग होते त्या पट्ट्यात सोयाबीन पिवळे पडून पाण्यात उभे. मुलगा म्हणाला, डवरणीला (ओळींमधले तण काढायला) डवरा आत जातच नाही, वरून घसरतो. त्यावर सरांनी वहीत 'उगवण समाधानकारक' लिहायला सांगितले. मला सगळ्यांत जास्त चीड याचीच आली.

आणि याच प्रक्षेत्राच्या नावाने प्रत्येक विद्यार्थ्याकडून १२,००० रुपये 'प्रक्षेत्र विकास शुल्क' घेतले. पावती माझ्याजवळ आहे. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्कात हे शीर्ष मला सापडले नाही. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेश व शुल्काबाबतचा २०१५ चा कायदा मंजूर शुल्कापेक्षा जास्त घेऊ देत नाही. विकास केला असता तर कदाचित मी गप्प बसले असते. इथे विकास झाला तो पार्किंगचा.

तुमचे व्यवस्थापक मला म्हणाले, "मॅडम, लॉन बंद केले तर पगार कुठून द्यायचा?" प्रश्न रास्त आहे. पण नागपुरातलेच शासकीय कृषी महाविद्यालय बघा. १९०६ पासूनचे आहे, भर शहरात महाराजबागेला लागून, आणि तिथे आजही शेत आहे. शासकीय असल्याने त्यांना पगाराची चिंता नाही, हे मला कळते. पण शेतातूनच पैसा काढायचा तर वाटा आहेत. रोपवाटिका आहे, जंबेरीच्या (लिंबाच्या जातीच्या झाडाच्या) खुंटावर संत्र्याचे डोळे बसवून केलेल्या खात्रीच्या कलमांना काटोल-नरखेडकडे गिऱ्हाईक आहे, बियाणे आहे. शेवटच्या वर्षाच्या अनुभवाधारित शिक्षणात तर मुलांनी उत्पादन काढून विकायचे आणि नफ्यातला वाटा घ्यायचा, अशीच रचना आहे. त्यात कमाई हळूहळू येते, लॉनची एका रात्रीत येते, एवढाच फरक.

माझे म्हणणे असे. येत्या तुळशीच्या लग्नानंतरची प्रक्षेत्रावरची सर्व बुकिंग रद्द करावीत. ज्यांचे ॲडव्हान्स घेतले त्यांना रस्त्यापलीकडची पडीक जागा द्यावी, तिथे नाहीतरी काही पिकत नाही. पार्किंगचा पट्टा रब्बीपूर्वी खोल नांगरून, शेणखत घालून मुलांच्या गटांना नावानिशी वाटून द्यावा. १२,००० रुपये परत करावेत, किंवा ते कोणत्या मंजुरीने घेतले आणि कशावर खर्च झाले याचा लेखी हिशेब द्यावा. आणि त्या प्रात्यक्षिक वहीत जे उगवले तेच लिहू द्यावे.

उत्तर लेखी हवे, फोनवर नको. दसऱ्यापर्यंत ते आले नाही तर पावतीची प्रत आणि शेताचे फोटो शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे पाठवीन. माझ्यासोबत आणखी पालकांच्या सह्या आहेत, त्यांची यादी जोडली आहे.

आपली,
तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याची आई
नागपूर

सोबत: शुल्क पावतीची प्रत, प्रक्षेत्राचे फोटो, पालकांच्या सह्यांची यादी