सुटा सिल्व्हर रॉड विकणं थांबवा

महोदय,

मिरजेत माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. उन्हाळा लागला की ब्रेझिंगच्या, म्हणजे ज्योतीने वितळवून नळ्या जोडायच्या, रॉडला उठाव येतो आणि बाजारात रॉड सुटे मिळू लागतात. रबर लावलेली जुडी, ना पाकीट ना नाव.

तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरस मिसळलेला तांब्याचा रॉड पुरतो. फ्लक्सही, म्हणजे तापलेल्या धातूवरची काजळी काढणारं रसायनही, लागत नाही, ते काम फॉस्फरसच करतो. पण कॉम्प्रेसरच्या नळ्या पुष्कळदा वरून तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड अशा असतात. लोहचुंबक चिकटला की ओळखायचं. तिथे फॉस्फरसचा सांधा ठिसूळ होतो आणि थरथरीने तडकतो. मग सिल्व्हर रॉड, म्हणजे चांदी मिसळलेला रॉड, आणि फ्लक्सला पर्याय नाही.

माझी तक्रार या सिल्व्हर रॉडबद्दल आहे. त्यात कॅडमियम हा विषारी धातू आहे की नाही, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. जुन्या धाटणीच्या ४५ टक्के चांदीच्या रॉडमध्ये २४ टक्के कॅडमियम असतं. तो ६२० अंशांच्या आसपास सरसर पसरतो, म्हणून कारागिरांचा लाडका. कॅडमियम मात्र ७६७ अंशांना उकळतं. फ्लक्स नितळ झाला की ज्योत नळीवर ठेवून रॉड टेकवायचा असतो. नवशिका पोरगा थेट रॉडवरच ज्योत धरतो आणि धूर नाकात जातो. त्रास त्या क्षणी होत नाही. काही तासांनी ताप, खोकला, छाती आवळणं सुरू होतं आणि घरचे थंडीतापाची गोळी देतात. फुफ्फुसं सुजून माणूस दगावूही शकतो. युरोपीय महासंघाने डिसेंबर २०११ पासून, मोजके अपवाद सोडून, असे रॉड बंद केले. केडीएमचे दागिने म्हणून जे मिरवले जायचे, त्यांच्या डाखातही हेच कॅडमियम.

फ्लक्सचंही सांगतो. त्यात फ्लोराइड असतं, तेव्हा खिडकी उघडी हवी. सांधा झाल्यावर काचेसारखा राहिलेला थर गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने काढावाच. तो बारीक भोक झाकतो, प्रेशर टेस्टही पास होते, आणि महिन्याभराने गॅस गेला म्हणून गिऱ्हाईक दारात!

सिल्व्हर रॉड फक्त सीलबंद पाकिटात विकावा आणि कॅडमियम असल्यास त्यावर ठळक मराठीत छापावं, एवढं शासनाने सक्तीचं करावं. तोवर मेकॅनिक बंधूंनी कॅडमियम नसलेला रॉड पाकीट बघूनच घ्यावा. तो थोडा जास्त तापवावा लागतो आणि खिशालाही जड पडतो. मी त्याची किंमत बिलात वेगळी लावतो.

– एक रेफ्रिजरेशन मेकॅनिक, मिरज