कोपऱ्यावरचा पब आणि पायी पाहायचे लंडन

लंडन

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी संध्याकाळी बारमध्ये जाऊन बसते, हे खरे का, असे बाबांनी गेल्या आठवड्यात विचारले. मी होय म्हटल्यावर तुम्ही दोघेही फारसे बोलला नाहीत. फोनवर अशा गोष्टी अर्ध्याच सांगून होतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. शिवाय जूनमध्ये तुम्ही इकडे येणार आहात, तेव्हा काय पाहायचे याचा माझा बेतही याच पत्रात कळवते, कारण हे शहर मला जे काही कळले आहे त्यातले बरेचसे त्या पबमधल्या शेजाऱ्यांनी सांगितलेल्या वाटांनी चालतच कळले आहे.

आपल्याकडे परमिट रूम म्हटले की काळ्या काचा, आतला अंधार आणि दारावरून नजर खाली घालून जाणाऱ्या बायका हेच डोळ्यांपुढे येते. दारूपायी मोडलेले संसार आपल्या आळीतच आपण पाहिले आहेत, आणि बाबांची काळजी तिथूनच येते हे मला ठाऊक आहे. ती काळजी मला चुकीची वाटत नाही, कारण दारूने माणसे इथेही बिघडतात. परंतु वस्तीच्या कोपऱ्यावरचा पब ही जागा निराळी आहे. आमच्या पबला मोठमोठ्या खिडक्या आहेत, दुपारी तिथे आजी-आजोबा वर्तमानपत्र वाचत बसतात, तान्ह्या मुलांच्या गाड्या टेबलाला लावून आया गप्पा मारतात आणि कुणाचा तरी कुत्रा पायाशी झोपलेला असतो. आठवड्यातून एकदा सामान्यज्ञानाची स्पर्धा होते, तिच्यात अनोळखी माणसालाही संघात ओढून घेतात. मला या वस्तीतल्या पहिल्या ओळखी तशाच मिळाल्या. दिवसभर कार्यालयात आणि रात्री भाड्याच्या खोलीत असे आयुष्य इथे सहज होऊन बसते, आणि तिसरी एखादी जागा नसेल तर माणूस या एवढ्या गर्दीत कित्येक दिवस कुणाशी मोकळेपणाने बोलत नाही.

मी स्वतः तिथे बहुतेकदा लाइम-सोडा घेते, कधी अर्धा पाइंट (पाव लिटरहून थोडी अधिक) सायडर, म्हणजे सफरचंदाची सौम्य दारू, घेते, आणि ते तुमच्यापासून लपवावे असे मला वाटत नाही. काय प्यायचे याचा आग्रह तिथे कुणी करत नाही. आपण होऊन काउंटरवर जायचे, मागायचे, तिथेच पैसे द्यायचे आणि हव्या त्या टेबलावर बसायचे. एका पेल्यावर दोन तास बसले तरी कुणी उठवत नाही. मित्रमंडळींत आळीपाळीने सगळ्यांसाठी पेये आणण्याची रीत आहे, पण तिच्यात नसायचे असेल तर आधी सांगितले की पुरते. साधे पाणी मागितले तर ते फुकट देणे दारूचा परवाना असलेल्या जागांना बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालच्यांना दारू विकणे हा तर गुन्हा आहेच, पण आधीच झिंगलेल्या माणसाला आणखी दारू विकणे हाही कायद्याने गुन्हा आहे, आणि आमच्या काउंटरवरच्या बाई एखाद्याला अगदी सौम्य शब्दांत 'आज पुरे' असे सांगताना मी पाहिले आहे. बाबा, तुम्हाला वेळेची शिस्त आवडते म्हणून सांगते: बंद होण्याआधी शेवटची मागणी द्या म्हणून घंटा वाजते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात सगळे निमूटपणे आपापल्या घरी जातात. पहिल्या महायुद्धात कारखान्यांतले कामगार भरदिवसा पिऊ नयेत म्हणून दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम आला होता, आणि युद्ध संपून गेले तरी तो १९८८ पर्यंत टिकला.

या जागांवर लोकांचा किती जीव आहे, हे मला दोन गोष्टींवरून कळले. आग्नेय लंडनमधल्या नन्हेड भागातला आयव्ही हाउस नावाचा जुना पब विकला जाणार होता. एखादी जागा वस्तीच्या उपयोगाची म्हणून नोंदवून घेण्याचा आणि ती विकायला निघाली तर खरेदीची तयारी करण्यासाठी मुदत मिळवण्याचा हक्क इथल्या २०११ च्या कायद्याने रहिवाशांना दिला आहे. त्याचा आधार घेऊन साडेतीनशेहून अधिक लोकांनी भाग (शेअर) विकत घेतले आणि २०१३ मध्ये तो पब सहकारी तत्त्वावर सुरू केला. सहकारी संस्थांच्या सभांत तुम्ही आयुष्य घालवले आहे, तेव्हा ती जागा तुम्हाला दाखवावी असे मला फार वाटते. दुसरी गोष्ट मेडा व्हेलमधल्या कार्लटन टॅव्हर्नची. बिल्डरने परवानगी न घेता २०१५ मध्ये तो पब पाडून टाकला. तिथे नवी घरे बांधण्याचा त्याचा विचार होता. रहिवाशांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि नगरपालिकेने तो पब पूर्वी होता तसाच पुन्हा बांधण्याचा आदेश काढला. अपिलातही तो आदेश टिकला. २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. विटांच्या त्या भिंतीपुढे मी उभी राहिले तेव्हा मला खरोखर भरून आले. पाडलेली वास्तू परत उभी करायला लावणारी वस्ती मी याआधी पाहिली नव्हती.

आता फिरण्याचे सांगते. हे शहर महाग आहे. पब सोडला तर संध्याकाळ घालवायला पैसे मोजावे लागतात, आणि पबमध्येही एक पाइंट बिअरला सहा-सात पौंड पडतात. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत सुट्टीच्या दिवशी मी घरीच बसत असे. 'चालायला पैसे पडत नाहीत,' असे म्हणून आमच्या पबमधल्या एका निवृत्त पोस्टमनकाकांनी मला कालव्याची वाट सांगितली, आणि तिथून माझे फिरणे सुरू झाले.

तीच वाट मी तुम्हाला पहिल्यांदा दाखवणार आहे. लिटल व्हेनिस म्हणतात तिथे, कालव्याजवळच्या १० हाउली प्लेस या घरात लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते इथे आले होते, हे बाबांना सांगायला नकोच. घरावर त्यांच्या नावाचा फलक आहे. तिथून रीजंट्स कॅनॉलच्या काठाने निघायचे. १८२० मध्ये पूर्ण झालेला हा कालवा मालवाहतुकीसाठी खणला गेला, आणि काठाच्या पायवाटेवरून घोडे नावा ओढत असत. वाटेत एका बोगद्यात पायवाटच नाही. तिथे घोडे वरच्या रस्त्याने नेत आणि नावाडी नावेत उताणे पडून भिंतींना पाय रेटत ती पुढे ढकलत. आपल्याला मात्र तिथे वर चढून रस्त्याने जावे लागते. पुढे कालवा प्राणिसंग्रहालयाच्या मधोमध जातो, त्यामुळे तिकिटाशिवायही काही पिंजरे दिसतात. आईला तिथली माकडे पाहून हसू येईल. मग प्रिमरोझ हिलचा चढ. माथ्यावर बाके आहेत, आणि तिथून सेंट पॉलचा घुमट दिसतो. टेकडी उतरून थोडे चालले की १० किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे.

एका सकाळच्या चालण्यात ही दोन्ही घरे येतात. पहिल्यांदा चालले तेव्हा मी परदेशात आहे असे मला वाटेनासे झाले होते, आणि ज्यांनी ही वाट सांगितली त्या काकांना ही दोन्ही नावे माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पबमध्ये बसून त्यांना दोघांविषयी सांगितले आणि त्यांनी एखाद्या विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारले. पुढच्या वेळी ते स्वतः ती घरे पाहून आले.

बाबा, तुमची सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून एक दिवस सोहोमधल्या ब्रॉडविक स्ट्रीटवर. १८५४ च्या कॉलऱ्यात या परिसरात सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी करून रोगाचा माग रस्त्यावरच्या एका पंपापर्यंत नेला आणि त्याचा दांडा काढून टाकायला लावला, तेही कॉलरा दूषित हवेने होतो असे बहुतेक डॉक्टर मानत होते त्या काळात. जवळच्या दारूभट्टीतले कामगार मात्र वाचले, कारण त्यांना प्यायला बिअर मिळे आणि ते पंपाचे पाणी पीत नसत. स्नो यांच्या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. आज तिथे पंपाची प्रतिकृती आहे, आणि शेजारच्या पबला स्नो यांचेच नाव आहे. ते स्वतः मद्य वर्ज्य मानणाऱ्यांपैकी होते. त्या पबमध्ये तुम्ही पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासोबत बसावे, अशी माझी इच्छा आहे.

संग्रहालयांचे थोडक्यात सांगते, कारण ती पुस्तकांतही सापडतील. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. काही राष्ट्रीय संग्रहालये पूर्वी पैसे घेत, ते डिसेंबर २००१ पासून बंद झाले. आईसाठी मात्र मी केनवुड हाउस राखून ठेवले आहे. हॅम्पस्टेड हीथच्या माळाला लागून असलेल्या या वाड्यात रेम्ब्राँचे म्हातारपणीचे आत्मचित्र आणि व्हर्मियरची गिटार वाजवणारी मुलगी आहे, आणि आत जायला काही द्यावे लागत नाही. हा संग्रह लोकांना देऊन गेले ते गिनेस घराण्यातले लॉर्ड आयव्ही, म्हणजे बिअरवर मिळवलेल्या पैशांतून ही चित्रे सर्वांची झाली. रेम्ब्राँच्या चित्राइतके थकलेले आणि तरीही स्वाभिमानी तोंड मी दुसरे पाहिलेले नाही, आई. तू समोरच्या बाकावर हवा तितका वेळ बस, आम्ही बाहेर तळ्याकाठी थांबू.

कुठेही एका दमात जायचे नाही. कालव्याच्या वाटेवर चढ-उतार थोडे आहेत आणि बसायला जागा पुष्कळ, तरी बाबांनी गुडघ्यासाठी काठी आणावी आणि आईने आधीच पायात रुळलेले बूट घालून यावे. नवे बूट प्रवासासाठी घेऊ नका. जूनमध्ये अंधार रात्री साडेनऊनंतरच पडतो, त्यामुळे दुपारी घरी येऊन झोपले तरी संध्याकाळ हाताशी उरते. बसचे भाडे एकदा दिले की तासाभरात दुसऱ्या बसला पुन्हा पैसे पडत नाहीत, म्हणून थकल्यावर मी तुम्हाला लगेच बसमध्ये बसवीन. आमच्या पबमध्ये एक संध्याकाळ मी ठरवून ठेवली आहे. पोस्टमनकाकांना बाबांना भेटायचे आहे आणि टिळकांच्या खटल्याविषयी विचारायचे आहे. तुम्हाला तिथे बसणे जड वाटले तर आपण बाहेरच्या बाकावर बसू, आणि तेही नको वाटले तर काका आपल्या घरी येतील. मी त्यांना तसे सांगून ठेवले आहे.

शहर उंचावरून पाहायला स्काय गार्डन नावाची एका मनोऱ्याच्या माथ्यावरची बाग आहे. प्रवेश विनामूल्य आहे, पण तिकिटे साधारण तीन आठवडे आधी खुली होतात आणि लगेच संपतात. विमानाच्या तारखा नक्की झाल्या की त्याच दिवशी कळवा, म्हणजे मी तिकिटे काढून ठेवीन.

तुमची लेक