‘चिंचेखालचं’ वावर कागदावर आलं, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आभाराचे पत्र आपल्या कृषी विद्यापीठाच्या पत्त्यावर रीतसर पाठवता आले असते. तरीही ते असे उघडपणे लिहितो आहे, कारण यातले काही आपल्यासाठी आहे आणि काही, आपल्याआधी आमच्या बांधावर येऊन गेलेल्या, खरे तर न येताच गेलेल्या, साहेबलोकांसाठी.

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या अंगाला आमची तीन एकर जमीन आहे. त्यात कपाशी, आणि ओल राहिली तर दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. ऐन बोंडे भरण्याच्या दिवसांत कपाशीची पाने लाल पडू लागली की दुकानदार ‘लाल्या आला’ म्हणून दरवर्षी कीटकनाशकाची नवी बाटली हाती ठेवी आणि आम्ही ती उधारीवर आणत असू. मृदा आरोग्य पत्रिकेची, म्हणजे माती तपासून तिची अवस्था सांगणाऱ्या सरकारी कार्डाची, योजना २०१५ साली सुरू झाली, तशी एक पत्रिका आमच्याही घरी आली होती. मात्र माती न्यायला कोणी आल्याचे मायला आठवत नव्हते. विचारायला गेलो, तर ‘कार्ड मिळालं ना?’ एवढेच उत्तर मिळाले. त्या योजनेत तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरांमागे आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांमागे एक नमुना घेत, म्हणजे आमच्या तीन एकरांचा आकडा शेजाऱ्याच्या मातीवरूनही आलेला असू शकतो, हे आपण सांगितले तेव्हा कळले. नियमाबद्दल माझी तक्रार नाही; पण हे सांगायला त्यांना पाच मिनिटेही लागली नसती.

लाल्या हा कीड-रोग नसून नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडल्याने येणारी विकृती आहे, आणि चुनखडीच्या जमिनीत टाकलेले स्फुरदही (फॉस्फरस) चुन्याशी बांधले जाऊन पिकाला पुरते मिळत नाही, हे आपण समजावून सांगितलेत. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, जाळणे आम्ही बंद केले. आता त्यांचा भुगा करून तो जमिनीतच गाडतो. या सगळ्याचे मोल मोठे आहेच. पण हे पत्र मी लिहितो आहे ते आपण केलेल्या माती परीक्षणाच्या अहवालाच्या कागदासाठी.

सातबाऱ्यावर आमचा गट एकच आहे. घरात मात्र त्याचे तीन तुकडे आहेत: चिंचेखालचं, विहिरीकडचं आणि चुनखडी. नमुने घेताना आपण मायला विचारलेत, ‘आजी, तुम्ही या भागाला काय म्हणता?’ वडिलांच्या पश्चात ही जमीन तिनेच सांभाळली, तरी शेतीचे काही विचारायला आलेला प्रत्येक माणूस माझ्याशीच बोलत असे. महिन्याभराने आपण स्वतः कागद घेऊन आलात. गट क्रमांकाखाली तीन रकाने होते आणि प्रत्येकावर तिने सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहिलेले होते. मायला वाचता येत नाही, म्हणून आपण बांधावर बसून तिला ते वाचून दाखवलेत. ती म्हणाली, ‘हाई ते आपलंच वावर शे.’ त्या दिवसापासून कोणत्या तुकड्यात किती शेणखत पडायचे हे तीच ठरवते, आणि माझे काही चालत नाही.

हुशार माणसे आम्ही पुष्कळ पाहिली, आणि त्यांतली बरीचशी गाडीच्या काचेतून पाहिली. समोरच्याचे शब्द आपल्या कागदावर घ्यावेत, एवढी माणुसकी त्यांच्यातल्या फार थोड्यांकडे असते. तो कागद आता रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या डब्यात आहे.

चुनखडीचा तुकडा अजून हट्ट सोडत नाही, हेही कळवून ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नमुने काढायचे आहेत. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी लोखंडी खुरपे चालत नाही, असे म्हणून आपण मायच्या हातातले खुरपे बाजूला ठेवायला लावले होते, हे ती विसरलेली नाही. तिने बाभळीची एक खुंटी तासून तयार ठेवली आहे. आपण फक्त पिशव्या आणाव्यात.

आपला नम्र,
बोरीकाठचा एक शेतकरी