फिटचा व्हिडिओ बघायला ओपीडीत पाच मिनिटं द्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या धाकट्या जावेला चार वर्षं फिट येत होत्या आणि चारही वर्षं मिरगीच्या गोळ्या चालू होत्या, आधी एक मग दोन मग तीन, तरी फिट काही थांबेनात. ओपीडीत तीन तास बसायचं, आत गेलं की "गोळ्या वेळेवर घेतेस ना" एवढं विचारून डोस वाढवायचे. तिला स्वतःला फिटमधलं काही सांगता यायचं नाही आणि बघणारे आम्ही, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

एकदा ती ओट्यापाशी पडली तेव्हा पुतण्याने मोबाईलवर शूटिंग केलं, मी त्याच्यावर केवढी चिडले होते! पण तोच व्हिडिओ दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी तीनदा बघितला. सहा मिनिटांचा आहे. डोळे गच्च मिटलेले, सासूबाई पापणी उघडायला गेल्या तर आणखीनच घट्ट, मान नाही नाही म्हटल्यासारखी हलतेय, मध्येच सगळं थांबतंय आणि परत सुरू. डॉक्टर म्हणाले, मिरगीच्या मोठ्या झटक्यात बहुतेक वेळा डोळे उघडे असतात, एक-दोन मिनिटांत झटका संपतो, मग घोरल्यासारखा श्वास आणि माणूस बराच वेळ भांबावलेला. पण नुसत्या एका खुणेवरून ठरवायचं नसतं म्हणून ॲडमिट करून व्हिडिओ ईईजी केला, म्हणजे पेशंटचं शूटिंग आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी. त्यात फिट आली आणि त्या वेळी मेंदूच्या आलेखात मिरगीचं काहीच नव्हतं. आधीच्या साध्या ईईजीत "किंचित ॲबनॉर्मल" लिहिलं होतं त्यावर चार वर्षं गेली. साधा ईईजी नॉर्मल आला तरी मिरगी नाही असंही म्हणता येत नाही, हे पण तेव्हाच कळलं.

याला सायकोजेनिक फिट म्हणतात, म्हणजे मिरगीची नाही तर मानसिक कारणाने येणारी फिट, आणि घरी पहिला शब्द आला तो "म्हणजे नाटक करत होती". अहो नाटक नाही! ती मुद्दाम करत नाही, तिच्या हातात नसतं ते, आणि पडल्यावर लागतं ते खरंच लागतं. यावर सायकोथेरपी, म्हणजे बोलून केला जाणारा मानसोपचार, हा उपचार आहे. काहींना तर मिरगी आणि या फिट दोन्ही असतात, त्यामुळे हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. हिच्या पण डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. त्यातली एक व्हॅल्प्रोएट होती, गरोदरपणात बाळाला धोका असतो म्हणून तिने मूल पुढे ढकललं होतं. ती वर्षं तिला कोण परत देणार?

अशा फिटचं योग्य निदान व्हायला सरासरी ७ वर्षं जातात असं अभ्यासात दिसलंय म्हणे. पुण्यात एवढी हॉस्पिटलं आहेत, केसपेपरच्या खिडकीपाशी एक पाटी लावायला काय हरकत आहे, की फिट बघितलेल्या माणसाला सोबत आणा आणि मोबाईलवर व्हिडिओ असेल तर दाखवा. आधी पेशंटला कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा, तोंडात काही घालू नका आणि मग एकाने शूटिंग करा, चेहरा नीट दिसेल असं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

हिला अजून महिन्याला एखादी फिट येते. सासूबाई आता कांदा हुंगवायला धावत नाहीत, शेजारी बसून हात धरतात.

एक वाचक, धायरी, पुणे