ओहायोतली 'पाटाकडील-दिलबहार'

महोदय,
कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या फुटबॉल लढती बघत वाढलो, त्यामुळे ईर्षा काय असते ते मला कुणी शिकवायला नको. पण ओहायोतल्या कँटनला आलो आणि गार पडलो. इथलं मॅकिन्ली हायस्कूल आणि शेजारच्या मॅसिलॉन गावची शाळा 1894 पासून एकमेकींशी भिडताहेत. फुटबॉल अमेरिकन, म्हणजे पायापेक्षा हाताचाच जास्त; ते असो. खेळणारी पोरं मात्र अकरावी-बारावीची! मॅसिलॉनची वस्ती जेमतेम 32 हजार, पण शाळेच्या मैदानात 16 हजारांच्या आसपास माणसं बसतात. तिथं मुलगा जन्मला की पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायचे.

आता प्लेऑफमध्ये पुन्हा हीच गाठ पडायची चिन्हं आहेत. हरला तो थेट घरी. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मॅसिलॉनचा गडी सोमवारपासून नारिंगी-काळी टोपी काढायला तयार नाही, आणि मॅकिन्लीवाली मंडळी त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. मी कँटनकर, म्हणून लाल-काळा मफलर घेतलाय. नोव्हेंबरची थंडी हाडं फोडते म्हणे. घोंगडं गावाकडून मागवावं काय?

– एक पेठकर, कँटन (ओहायो)